बसल्या उंचीची खिडकी

मायरिगची हरकत दोनच वाक्यांची होती. हेलेदने ती न्याहारीच्या टेबलावर तिसऱ्यांदा वाचून दाखवली, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा वर चढत गेला.

“‘हेब्रॉन चॅपल मी स्वतः राहण्यासाठी घेतलं आणि कामाचं ठरलं त्या दिवशी माझा तोच इरादा होता. सबब हा वाद ऐकण्याचा पंचांना अधिकार नाही.’ राहण्यासाठी! आई, गेल्याच्या गेल्या नाताळात मामा याच खुर्चीवर बसून काय म्हणाला होता? ‘डोंगर चढायला येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्यानं देईन. जुन्या चॅपलमध्ये झोपायला इंग्लंडातली माणसं वाट्टेल ते मोजतात.’ आपण सगळ्यांनी ऐकलंय.”

“मी तर ऐकलंयच,” इडवाल म्हणाला. “त्यानंतर पुडिंगचा दुसरा वाडगाही घेतला होता त्यानं.”

नेस्टा चहा ओतत होती. नवऱ्याच्या, इडवालच्या, बांधकामाच्या धंद्याची कचेरी सांभाळायला लागण्याआधी तिने वीसेक वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि मुलांच्या वह्या तपासून तपासून तिला एक गोष्ट कळली होती. ज्याने प्रयोग केलेलाच नसतो तो पान भरून लिहितो. मायरिगने दोनच वाक्यं लिहिली होती. तिचा धाकटा भाऊ लिव्हरपूलला इस्पितळांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. तसा बोलका माणूस, चिठ्ठी लिहिली तरी कागद दोन्ही बाजूंनी भरणारा. मग इथेच एवढ्या थोडक्यात का आवरलं?

“मला एकदा नीट समजावून सांग,” इडवाल लेकीला म्हणाला. “राहणाऱ्या माणसाला बिल भरावं लागत नाही, असं आहे का?”

हेलेद बँगोरच्या एका कचेरीत बांधकामांची मोजमापं आणि बिलं बघायची. पंचांकडे दावा तिनेच लावला होता.

“भरावं लागतं, बाबा. प्रश्न आहे कोण भरायला लावणार याचा. बांधकामवाल्याचे पैसे अडकले की कोर्टात वर्षं जातात, म्हणून कायद्यानं पंचाची सोय केलीय. महिनाभरात निवाडा, आणि तो दोघांनी पाळायचा. पण हा जवळचा रस्ता धंद्यातल्या लोकांसाठी. स्वतःच्या राहत्या घराचं काम करून घेणाऱ्याला त्यावर ओढून नेता येत नाही. राहतं घर, किंवा राहायचा इरादा असलेलं घर.”

“इरादा कोण मोजणार? टेप लावून?”

“तिथेच तर मेख आहे. पंचबाईंना पटलं की मामा खरंच राहायला येणार होता, तर त्या फाइल मिटून घरी जातील. मग उरलं कोर्ट. वर्ष, दीड वर्ष.”

इडवालने कप खाली ठेवला. वर्ष, दीड वर्ष म्हणजे काय हे त्या टेबलावर कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. बँकेने जूनअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, आणि जून सुरू होता. इडवालकडे सहा माणसं होती. त्यातली दोघं तो विशीत असल्यापासून त्याच्याबरोबर छपरांवर चढत आली होती. चॅपलची शेवटची दोन बिलं अडकली ती अडकलीच. मायरिग फेब्रुवारीपासून फोनही उचलत नव्हता.

“म्हणून मला तुम्हा तिघांच्या सह्या हव्यात,” हेलेद म्हणाली. “नाताळात तो काय म्हणाला, एवढंच लिहिलंय. अक्षरन् अक्षर खरं आहे. बाबांनी केलीय. आजी, हे घे पेन.”

ओल्वेनआजी बारा ब्रिथच्या, म्हणजे मनुका घातलेल्या वेल्श पावाच्या, कापाला लोणी लावत होती. तिने लोणी अगदी कडेपर्यंत नेलं, मग सुरी पुसली.

“मी सही करणार नाही.”

“तू तिथे होतीस ना?”

“होते.”

“ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग?”

“ऐकलं ते ऐकलं. सही करणार नाही.”

“लेकाची बाजू,” हेलेद खुर्चीत मागे रेलली. “जावई तुझ्यासाठी दर शनिवारी कोळसा उचलून आणतो, लेक वर्षात चारदा तोंड दाखवतो, आणि तू बाजू कुणाची घेतेस तर लेकाची.”

“तुझं तोंड फार चालतं. आजोबांवर गेलीस.” आजीने काप इडवालच्या बशीत ठेवला. “पंचबाई आज चॅपल बघायला येणार आहेत ना? मला न्या तिथे. मी बसेन एका कोपऱ्यात.”

“आणि तू, आई?” हेलेद नेस्टाकडे वळली.

“वरची खोली आवरून करते,” नेस्टा म्हणाली. आणि पेन एप्रनच्या खिशात टाकून उठली. खोली आवरलेलीच होती, हे हेलेदलाही माहीत होतं.

*

त्यांचं घर डोंगराच्या अंगावर होतं, गावातल्या बाकी सगळ्या घरांसारखं. दारातून रस्त्यावर यायचं तर दगडी पायऱ्यांची अख्खी माळ उतरावी लागायची. आजीला उतरवायला इडवालला पाव तास लागला. बाबांना, म्हणजे नेस्टाच्या वडिलांना, शेवटचे दोन हिवाळे कुणी उतरवू शकलं नव्हतं. स्लेटच्या खाणीतली धूळ त्यांच्या छातीत बसली होती. बैठकीच्या खोलीत प्राणवायूचं यंत्र रात्रंदिवस घरघरत असायचं. फेब्रुवारीत ते गेले आणि यंत्र इस्पितळाने परत नेलं. गालिच्यात त्याच्या चार पायांचे खळगे अजून तसेच होते. नेस्टा तिथला गालिचा झाडायची, पण खळगे भरून येतील असं काही करायची नाही.

चॅपल मात्र रस्त्याला लागून, सपाटीवर. पंचबाई आधीच दारात उभ्या होत्या. मिसेस थॉर्नबर, चेस्टरहून आलेल्या इंजिनिअर. करडे केस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात खऱ्या चिखलाचे बूट. इडवालला बूट बघून बरं वाटलं.

“चहा?” आजीने पिशवीतून थर्मास काढला.

“नको, धन्यवाद. एका बाजूचा चहा घेतला तर दुसरी बाजू हिशेब ठेवते.” बाईंनी स्वतःचा थर्मास दाखवला.

मायरिग आला तो पाच पावलांवर थांबला. वाळला होता. नेस्टाने त्याला अंत्ययात्रेनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

“माझी हरकत कायम ठेवून,” तो इंग्रजीत म्हणाला, “गुड मॉर्निंग.”

“हरकत एकदा नोंदवलीत, पुरे आहे,” मिसेस थॉर्नबर म्हणाल्या. “दर वाक्याला गरज नाही.”

“माझ्या वकील मित्रानं सांगितलंय, दर वेळी म्हणायचं. नाहीतर बोलण्याच्या ओघात मीच तुम्हाला अधिकार देऊन बसलो, असं व्हायचं.”

“तसं होऊ शकतं खरं. पण म्हटलं ना, एकदा पुरे.”

“हरकत कायम ठेवून पाय पूस,” इडवाल वेल्शमध्ये पुटपुटला. “आतल्या लाद्या अजून माझ्या आहेत.”

मायरिगच्या ओठाची एक कड हलली. मग त्याने पाय पुसले.

आतमध्ये चुन्याचा आणि ताज्या लाकडाचा वास होता. छप्पर पुरं झालं होतं, लाद्या बसल्या होत्या, ओट्याचा नुसता सांगाडा उभा होता. चॅपलच्या खिडक्या मुळात उंच. प्रवचन चालू असताना कुणाची नजर बाहेर भरकटू नये म्हणून बांधणाऱ्यांनी त्या मुद्दाम माणसाच्या डोक्यावर ठेवल्या होत्या. आतून दिसायचं ते फक्त आभाळ. पश्चिमेची एकच खिडकी वेगळी होती. तिची सिल, खालचा दगडी पाट, जवळजवळ गुडघ्यापर्यंत उतरवलेली होती, आणि वरची कडही तेवढीच खाली आणलेली होती.

“अधिकाराचा प्रश्न आधी,” मिसेस थॉर्नबर म्हणाल्या. “पण दोन्ही गोष्टी इथेच बघायच्या आहेत, तेव्हा एकदमच बघते. वाद कुठल्या कामांचा आहे?”

हेलेद सज्जच होती. “मूळ ठरल्यापेक्षा वेगळी तीन कामं, सगळी नंतर तोंडी सांगितलेली. एक, बाजूचं दार रुंद केलं आणि त्याचा उंबरा काढला. दोन, ही खिडकी खाली घेतली. भिंत अडीच फूट जाडीची, खाणीच्या दगडाची, तेव्हा काम किती असेल ते तुम्हीच बघा. तीन, खिडकीशेजारी हा वेगळा सॉकेट, स्वतंत्र वायर, आणि वीज गेली तर चालू राहील अशी बॅटरी. याच कामांचे पैसे अडकले आहेत.”

“लेखी काही?”

“नाही,” इडवाल म्हणाला. “मेव्हण्याशी कागद करायचा म्हणजे... इथे तशी पद्धत नाही, बाई. घरच्या माणसाशी दारात उभं राहून हात मिळवायचा. आम्ही या चॅपलच्या दारातच मिळवला.”

“मिस्टर पॅरी?”

मायरिग खिडकीकडे पाठ करून उभा होता. “हरकत कायम ठेवून. मी यातलं काही सांगितलं नव्हतं.”

मग इडवालच्या गळ्याखालून तांबूस रंग चढत गेला.

“काय?” तो वेल्शमध्ये ओरडला. “मी माझ्या मनानं अडीच फुटी भिंत फोडली? मला कंटाळा आला होता म्हणून? अरे, तू स्वतः खडूनं रेघ मारलीस! इथे! हीच ती रेघ!”

“मला आठवत नाही, भावोजी.”

“आठवत नाही! माझ्या तोंडावर सांगतोस!”

“इंग्रजीत, कृपया,” मिसेस थॉर्नबर म्हणाल्या. “समोर बोललेलं मला कळायला हवं.”

“माझे वडील म्हणतात,” हेलेद गोड आवाजात म्हणाली, “की त्यांची आठवण वेगळी आहे.”

नेस्टा चुन्याच्या पालथ्या बादलीवर बसली. दमली म्हणून नव्हे. तिला उभ्याने विचार करता यायचा नाही. टेप तिच्या कोटाच्या खिशात होता, मोजायला लागलं तर असावा म्हणून आणलेला. समोरच्या दोघांचं भांडण ती ऐकत होती आणि तिला त्यात काहीतरी उलटं वाटत होतं. वर्गात एखाद्या मुलाने समीकरणाच्या दोन्ही बाजू अदलाबदल करून लिहाव्यात, तसं.

मायरिगला दाखवायचं होतं की हे घर स्वतः राहण्यासाठी होतं. मग ज्या कामांत कुणीतरी राहणार असल्याची खूण आहे, तीच तो का नाकारत होता? आठवड्याच्या पाहुण्याला वीज गेल्यावर चालणारा सॉकेट कशाला? आणि हेलेद. ती जीव तोडून सिद्ध करत होती की ही विचित्र कामं मामानेच, अगदी हट्टाने सांगितली. ती जितकं नीट सिद्ध करेल, तितकं हे घर कुणा एकाच्या मापाने शिवलेल्या कपड्यासारखं दिसणार. मग भाड्याने द्यायचं होतं हे खोटं, इरादा खरा, आणि पंचांचा अधिकार संपला. दोघंही दोर ओढत होते, पण दोघांनी चुकीचं टोक धरलं होतं.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं.

बादलीवरून खाण दिसत होती. नुसती खाण नव्हे. रस्त्यापलीकडच्या भिंतीच्या बरोबर वर, दोन राखाडी ढिगाऱ्यांच्या मधल्या फटीत, खाणीचा तिसरा टप्पा आणि त्यावरची पडकी शेड. त्या शेडमध्ये बाबांनी उमेदीची सगळी वर्षं छिन्नीने स्लेट चिरली होती. ती उठून उभी राहिली. शेड दिसेना, खिडकीच्या वरच्या कडेने टप्पाच कापला. पुन्हा बसली. शेड परत आली.

गेल्या शरदातला एक रविवार तिला आठवला. मायरिग आला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तो गुडघे टेकून बाबांच्या खुर्चीची उंची मोजत होता. मग त्याने टेप वर, बाबांच्या कानापाशी धरला. “काय चाललंय रे?” तिने विचारलं होतं. “अशीच खुर्ची घ्यायचीय, ताई.” खुर्ची घ्यायची तर माणसाच्या डोळ्यांपर्यंत माप कशाला, हे तिला तेव्हाच खटकलं होतं. तिने ते मनात एका बाजूला ठेवून दिलं होतं, कशातच न बसणारी निरीक्षणं ती ठेवायची तसं. आता ते आपसूक जागेवर जाऊन बसलं, सॉकेटच्या शेजारी, रुंद दाराच्या शेजारी. गालिच्यावरच्या चार खळग्यांच्या शेजारी.

तिने आईकडे बघितलं. ओल्वेन जुन्या बाकाच्या टोकाला बसली होती, थर्मास मांडीवर, आणि सरळ नेस्टाकडेच बघत होती.

नेस्टाला फार काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. मायरिग आपल्याच तोंडाने आपला एकुलता पुरावा नाकारत होता. त्यात नाताळच्या गोष्टीवर तिची सही पडली की पंचबाईंना अधिकार मिळेल, महिनाअखेर निवाडा येईल, आणि सहा माणसं जुलैतही कामावर येतील. खिशात टेपच्या बाजूला, एप्रनमधून काढून आणलेलं पेन तिच्या बोटांना लागत होतं.

पण एवढं कळल्यावर उरलेलं न विचारता राहणं तिला जमण्यातलं नव्हतं. उत्तर तिला अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं असं होतं, की मला का नाही सांगितलं?

“मायरिग,” तिने वेल्शमध्ये विचारलं, “ही खिडकी कुणाच्या डोळ्यांच्या उंचीची आहे?”

मायरिगने वळून खिडकीकडे पाहिलं.

“त्या काय म्हणाल्या?” मिसेस थॉर्नबरनी विचारलं.

हेलेद हुशार मुलगी होती. आईच्या प्रश्नाचं टोक कुठे जाऊन रुततंय हे तिला दिसलं. “आई,” ती हळूच म्हणाली, “हे विचारू नकोस. प्लीज. आपला दावा...”

“मी सांगते,” ओल्वेन इंग्रजीत म्हणाली. तिचं इंग्रजी लहानपणी रविवारच्या शाळेत घोटलेलं, एकेक शब्द जमिनीवर ठेवत चालणारं. “माझ्या मुलीने माझ्या मुलाला विचारले, की ही खिडकी कोणाच्या डोळ्यांसाठी आहे.”

मायरिग आईकडे बघत होता. चौदा वर्षांचा असताना काच फोडल्यावर बघायचा तसाच.

“सांग,” ओल्वेन आता वेल्शमध्ये म्हणाली. “शब्द त्यांना दिला होतास. ते गेले. त्या शब्दातून आता मी सोडवते, जा.”

“बाबांच्या,” मायरिग म्हणाला.

“माझ्या नवऱ्याच्या,” ओल्वेनने भाषांतर केलं, आणि थर्मासचं झाकण घट्ट बसलं आहे की नाही ते पुन्हा एकदा बघितलं.

मग तो बोलत गेला, आणि ओल्वेन मागोमाग इंग्रजीत सांगत गेली. त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्या रिकाम्या चॅपलमध्ये दोनदा झाली.

“त्यांनीच मला विचारलं. दोन वर्षांपूर्वी. म्हणाले, तुझ्या लिव्हरपूलला सपाट जमीन असते का रे? मी म्हटलं, चला माझ्याकडे. तर म्हणाले, खाण दिसली पाहिजे. आता खाणही दिसायला हवी आणि पायरीही नको. या गावात रस्त्याच्या पातळीवर दार असलेल्या इमारती किती आहेत? हे चॅपल आणि पोलीस चौकी.”

“पोलिसांनी चौकी विकली नसती,” इडवालच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“म्हणून हे घेतलं. मी बदली मागितली होती, बँगोरच्या इस्पितळात. मी, बाबा, आई, तिघं राहणार होतो. नाताळात जे बोललो ते सगळं थोतांड. बाबा टेबलाखालून पाय मारत होते, आणखी सांग, आणखी सांग म्हणून.”

“पण मला का नाही सांगितलंत?” नेस्टाने विचारलं. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

ओल्वेनने उत्तर दिलं, आणि या वेळी इंग्रजीत सांगायचं विसरली.

“तुला वाटलं असतं, तुझ्या घराला नावं ठेवतायत. त्यांना त्याचीच भीती. ‘पोरीनं माझं सगळं केलं, आता पायऱ्यांची तक्रार कुठल्या तोंडानं करू?’ म्हणायचे. छप्पर झालं की स्वतः सांगणार होते तुला. इथे आणून, खुर्चीत बसून.”

“मला सांगितलं असतंत तर...”

“तर तू इडवालला सांगून डोंगर फोडायला लावला असतास. ओळखतात तुला सगळे.”

इडवालने टोपी काढली. “छपराची शेवटची ओळ मी अंत्ययात्रेनंतरच्या सोमवारी लावली,” तो म्हणाला. कुणाला सांगितलं, ते त्यालाही कळलं नसावं.

“त्यानंतर बिलं यायला लागली,” मायरिग म्हणाला. “दार. खिडकी. सॉकेट. पाकीट फोडलं की तेच. मला भरवेना आणि फोनही उचलवेना. आणि हा दावा लागल्यावर... खरं बोलायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून तेवढी दोन वाक्यं लिहिली. ती खरी होती. ती तरी मानाल असं वाटलं होतं.”

हेलेद आपल्या वहीकडे बघत होती. तिच्या हाताखाली मामाच्या नावापुढे बारीक रेघांची ओळ होती. ‘हरकत कायम ठेवून’ तो किती वेळा म्हणाला ते ती सकाळपासून मोजत होती, एकदा तरी विसरेल या आशेने. गेला पाव तास तो ते म्हटलेला नव्हता. तिने पेनाचं टोपण लावलं.

मिसेस थॉर्नबरनी वहीचं नवं पान उघडलं.

“मला जे सांगितलं गेलं त्यावर कुणाचा आक्षेप आहे? मिस प्रिदर्च?”

हेलेदने आईकडे पाहिलं. नेस्टाने मान हलवली. नाही.

“नाही,” हेलेद म्हणाली. “आक्षेप नाही.”

“मग मिस्टर पॅरींची हरकत बरोबर आहे. कामाचं ठरलं तेव्हा त्यांचा इथे राहण्याचा इरादा होता. तो पुढे टिकला की नाही, हे कायदा विचारत नाही. मला हा वाद ऐकता येणार नाही.”

“म्हणजे मी जिंकलो?” मायरिगने विचारलं.

“जिंकलात.”

तो जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. इडवालने टोपी पुन्हा डोक्यावर घातली, कडा नीट केली. “चल तर,” तो म्हणाला. राग नव्हता, नुसता थकवा होता. “कोर्टात भेटू, मेव्हण्या. तोवर मी असलो धंद्यात तर.”

“थांबा, भावोजी.” मायरिग मिसेस थॉर्नबरकडे वळला. “तुम्हाला अधिकार फक्त कायद्यानंच मिळतो का?”

बाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच जरा निरखून पाहिलं. “कायद्याने मिळतो. किंवा दोन्ही बाजूंनी मिळून आपणहून दिला तर. पण ते मी सुचवायचं नसतं. म्हणून सुचवलं नाही.”

“मी म्हणत होतो ना,” मायरिग म्हणाला, “बोलण्याच्या ओघात देऊन बसेन.” त्याने घसा साफ केला. “हरकत कायम न ठेवता. दार, खिडकी, सॉकेट, सगळं मीच सांगितलं होतं. खडूची रेघ माझी. कामाचं मोल काय ते तुम्ही ठरवा. ताईनं ठरवलं तर ती कमी लावेल, मी ठरवलं तर जास्त देईन, आणि दोघंही येत्या नाताळात त्यावरून भांडू. तिसरं कुणीतरी हवंच आहे आम्हाला.”

“दुसरी बाजू?”

इडवालने नेस्टाकडे बघितलं, आणि नेस्टा म्हणाली, “अधिकार दिला. आमच्याकडूनही.”

“महिनाअखेरीआधी निवाडा देईन,” मिसेस थॉर्नबर लिहीत म्हणाल्या. “आणि हे तुम्ही सगळ्यांनी उद्या मला लेखी पाठवा. दारात हात मिळवलेला मला चालत नाही.”

ओल्वेनने थर्मास पुढे केला. “आता एक बाजू नाही. दोन्ही बाजू माझ्याच आहेत.”

“तरीही नको,” बाई म्हणाल्या. पण या वेळी हसल्या.

इडवाल खिडकीपाशी गेला होता. हाताच्या पंजाने त्याने सिलचा दगड चाचपला. काम बरं झालं होतं, हे त्यालाही दिसत होतं.

“एक धंद्याचं विचारतो,” तो म्हणाला. “गिलावा अजून व्हायचाय. ही सिल परत वर घ्यायची असेल तर आत्ताच सांगा. नंतर सांगितलंत तर पुन्हा फोडाफोड, आणि पुन्हा भांडण.”

ज्याचं घर होतं तो खालच्या लाद्यांकडे बघत होता. सकाळपासूनच्या सवयीने सगळ्यांची नजर हळूहळू मिसेस थॉर्नबरकडे वळली.

त्यांनी वही बंद करून पिशवीत टाकली.

“हा प्रश्न माझ्या अधिकारात येत नाही.”

नेस्टा बादलीवरून उठली आणि तिने आईला दंडाला धरून तिथे आणून बसवलं, का ते तिने स्वतःशीही ठरवलं नव्हतं. ओल्वेन बसली. ती नवऱ्यापेक्षा बरीच ठेंगणी; तिने हनुवटी उचलली, मान लांब केली, मग कुरकुरत म्हणाली, “मला नुसती रस्त्यापलीकडची भिंतच दिसतेय.”

मायरिग तिच्याजवळ येऊन गुडघ्यांवर टेकला. तिच्या कानाशी कान लावून त्याने बाहेर पाहिलं, बराच वेळ. मग मागे न वळताच हात लांबवला.

“ताई, टेप दे जरा. आईचं माप घेऊ.”

नेस्टाने खिशातून टेप काढून त्याच्या तळव्यावर ठेवला, आणि खाली वाकून त्याचं दुसरं टोक जमिनीला लावून धरलं.